ज्येष्ठांच्या दिवसाचा जमाखर्च

लातूरच्या गंजगोलाईतून फुटणारे सोळा रस्ते असोत वा नांदेडचा वजिराबाद आणि जुन्या मोंढ्याचा परिसर असो, तेथील व्यापारी घराण्यांच्या जुन्या इमारतींची रचना पुष्कळशी सारखीच असते. खाली पेढी आणि वर घर. एके काळी या वरच्या मजल्यावर तीन पिढ्या नांदत. आज पेढी चालू असते, गादीवर मुनीम किंवा एखादा पुतण्या बसलेला असतो. वर मात्र दोनच माणसे उरलेली असतात, आणि कित्येक घरांत तर एकच. एक मुलगा पुण्यात, दुसरा हैदराबादेत, मुलगी सासरी. मुलांनी शिकावे, मोठे व्हावे ही आई-वडिलांचीच इच्छा होती आणि ती पूर्ण झाली. या यशाचीच दुसरी बाजू म्हणजे जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेला तो एकटा जीव.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती, म्हणजे शंभरामागे जवळजवळ दहा. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढतच गेले आहे. त्यामुळे दिवाळीत सारे कुटुंब एकत्र आले की एक प्रश्न हमखास निघतो. आई-वडिलांना आपल्याकडे न्यायचे, की येथेच राहू द्यायचे? शहरात नेले तर ती दोघे अकराव्या मजल्यावरच्या सदनिकेत दिवसभर दाराकडे पाहत बसतात. येथेच ठेवले तर रात्री-अपरात्री काय होईल या धास्तीने मुलांची झोप उडते. तिसरा मार्ग ज्येष्ठांच्या सामूहिक निवासाचा. त्याचे नाव मात्र अजून आवाज खाली आणूनच घेतले जाते.

हा संकोच समजण्यासारखा आहे. ‘वृद्धाश्रम’ या शब्दाला टाकून दिल्याची छटा चिकटलेली आहे. परंतु या चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट सुटून जाते. ज्येष्ठ कोठे राहतात यावर आपण तासन्‌तास बोलतो; त्यांचा दिवस कसा जातो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. खरे पाहता घर असो की निवास, तेथील सुखदुःख ठरते ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

इमारतीचे नियम आणि दिवसाचे नियम

महाराष्ट्राला सामूहिक निवास नवीन नाहीत. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात उभी राहिली. १९९५ मध्ये राज्य शासनाने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. पुढे नव्या शतकात पुण्यात ‘अथश्री’सारखी, स्वतःच्या मालकीची सदनिका घेऊन समवयस्कांसोबत राहण्याची संकुले आली. तेथे जाणारी मंडळी निराधार नव्हती. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर यांनी विचारपूर्वक केलेली ती निवड होती. म्हणजे निराश्रितांचा आश्रय ते निवृत्तांची निवड, असा हा प्रवास झाला आहे.

कायदाही मागोमाग आला. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले. चाकाची खुर्ची सहज जाईल इतके रुंद दरवाजे, लिफ्ट, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, संकटकाळी वाजवायची घंटा, स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र अशा अनेक गोष्टी त्यांत आहेत. हे निकष अत्यावश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. मात्र ते मुख्यतः बांधकामाचे निकष आहेत. सकाळी चहा झाल्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत माणसाने काय करावे, हे कोणत्याही नकाशात दाखवता येत नाही.

नेमका हाच फरक लातूर जिल्ह्याने मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुनी गावे दाटीवाटीची होती. घराला घर टेकलेले, अरुंद बोळ, दारापुढे ओटा आणि चार पावलांवर पार. नवी गावे प्रशस्त झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले, घरे भक्कम आणि सुटी सुटी झाली. पुन्हा असा आघात झाला तर जीव वाचावा, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. परंतु काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने शेजार दूर गेला. ओट्यावर बसल्या बसल्या येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणे हा ज्यांचा दिवसभराचा उद्योग होता, त्यांना घर मिळाले. पार मात्र मागे राहिला. घर बांधून देता येते, गाव मात्र रोजच्या येण्या-जाण्यातूनच घडते, हा धडा ज्येष्ठ निवास उभारू पाहणाऱ्या प्रत्येकाने किल्लारीकडून घ्यावा असा आहे.

पैनगंगेपलीकडचे आजोबा

दुसरे उदाहरण नांदेडच्या शेजारचे आहे, आणि ते जगभर पोहोचलेले आहे. नांदेडहून उत्तरेकडे निघून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा मुलूख लागतो. या भागातील उटी हे अमेरिकेतील ख्यातनाम शल्यविशारद आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांच्या वडिलांचे मूळ गाव. वार्धक्य आणि मृत्यू यांविषयी त्यांनी २०१४ मध्ये लिहिलेल्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात त्यांचे आजोबा सीताराम गावंडे यांची हकिगत येते.

आजोबांनी शंभरी ओलांडलेली होती. पाठ वाकलेली, हाती काठी, ऐकू कमी येई. बसल्या जागेवरून उठायलाही आधार लागे. तरीही रात्री झोपण्यापूर्वी घोड्यावर बसून आपल्या शेताला एक फेरी मारण्याचा त्यांचा नेम होता. आता या वयात घोड्यावर बसू नका, असे सांगणे घरच्यांना सोपे होते. कोणीही समंजस मुलगा आज तेच सांगेल. गावंडे कुटुंबाने वेगळा मार्ग काढला. आजोबांना थोडा लहान घोडा आणून दिला आणि फेरीच्या वेळी कोणीतरी नेहमी त्यांच्यासोबत राहील अशी व्यवस्था केली.

ज्येष्ठांच्या सेवेचे सारे शास्त्र या एका कृतीत आले आहे. घरच्यांनी शरीराचे दौर्बल्य नाकारले नाही, म्हणून घोडा लहान झाला. काळजी सोडली नाही, म्हणून सोबत दिली. परंतु शेत पाहण्याचे काम मात्र आजोबांच्याच हाती ठेवले. जमिनीचा मालक अखेरपर्यंत मालकच राहिला. जवळजवळ एकशे दहा वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. आणि शेवट झाला तोही अंथरुणात खितपत नव्हे. कामानिमित्त तालुक्याच्या न्यायालयात जात असताना ते बसमधून पडले, त्या दुखापतीने त्यांचे निधन झाले.

हा शेवटही लपवण्याचे कारण नाही. माणसाला मोकळीक दिली की धोका येतो. वृद्धापकाळात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि मग अंथरूण सुटत नाही, हे कित्येक घरांनी पाहिले आहे. म्हणूनच मुले ‘तुम्ही काही करू नका, फक्त आराम करा’ असे म्हणतात. ते प्रेमापोटीच म्हणतात. परंतु पन्नास वर्षे पहाटे उठून दुकान उघडणाऱ्याला हे शब्द बढतीसारखे वाटत नाहीत, बडतर्फीसारखे वाटतात. धोका शून्यावर आणायचा तर आयुष्यही शून्याजवळ न्यावे लागते. यातील मध्यम मार्ग म्हणजे तो लहान घोडा.

एक रोपटे, शंभर पक्षी

ही केवळ भावनेची बाब नाही; तिची मोजदादही झाली आहे. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, खोलीची मांडणी कशी असावी, वेळ कसा घालवावा हे तुम्ही ठरवायचे. प्रत्येकाला एक रोपटे निवडायला दिले आणि त्याला पाणी घालण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण ती कर्मचारी सांभाळतील आणि तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ, असे सांगितले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक उत्साही दिसू लागली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातील ४७ पैकी ७ जण निवर्तले होते, तर दुसऱ्या गटातील ४४ पैकी १३ जण. संख्या लहान आहे, तेव्हा त्यावरून मोठे सिद्धान्त मांडू नयेत. परंतु दिशा स्पष्ट आहे.

१९९१ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन या लहानशा गावी बिल थॉमस नावाचे तरुण डॉक्टर एका शुश्रूषागृहाचे वैद्यकीय प्रमुख झाले. तेथील ऐंशी रहिवाशांना तीन व्याधी जडलेल्या त्यांना दिसल्या. कंटाळा, एकटेपणा आणि अगतिकता. त्यांवरचे औषध म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीत रोपे ठेवली, भाजीचा मळा केला, कर्मचाऱ्यांच्या मुलांना शाळेनंतर तेथेच येऊ दिले, आणि दोन कुत्री, चार मांजरे व शंभर पक्षी आणले. आरंभी गोंधळ उडाला. पुढे मात्र बोलणे सोडून दिलेली माणसे बोलू लागली, न चालणारी माणसे कुत्र्याला फिरवून आणण्यासाठी उठली. दोन वर्षे दुसऱ्या एका शुश्रूषागृहाशी तुलना करण्यात आली, तेव्हा येथील रहिवाशांना लागणारी औषधे त्याच्या निम्म्यावर आल्याचे आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही हकिगतही डॉ. गावंडे यांनी आपल्या पुस्तकात नोंदवली आहे.

पिंजऱ्यातील पक्षी जैन घराला मानवणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. पक्ष्यांसाठी दाणा-पाणी ठेवणे, गोशाळेत किंवा पांजरपोळात जाऊन चाऱ्याकडे लक्ष देणे, ही कामे आपल्या परंपरेत पूर्वापार आहेत. मुद्दा इतकाच की, सकाळी उठल्यावर कोणीतरी आपली वाट पाहत आहे, आपण गेलो नाही तर त्याचे अडेल, ही जाणीव माणसाला अंथरुणातून उठवते.

कार्यक्रम पुष्कळ, काम थोडे

आपल्याकडील निवासांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत उपक्रमांची वाण नाही. राज्यातील अशा संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ १९८० पासून कार्यरत आहे. महिन्याचे वाढदिवस, भजन, आरोग्य तपासणी, व्याख्यान, सहल, १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन असे वर्षाचे वेळापत्रक भरलेले असते. पूर्वीच्या एकाकीपणाच्या तुलनेत हे फार मोलाचे आहे. दर आठवड्याला चार ओळखीचे चेहरे दिसणे, हेही औषधच आहे.

तरी एक बारकाईने पाहावे. या बहुतेक उपक्रमांत ज्येष्ठांची जागा समोरच्या खुर्चीत असते. गाणारे दुसरे, बोलणारे दुसरे, तपासणारे दुसरे. ज्येष्ठांनी ऐकायचे, टाळ्या वाजवायच्या आणि अल्पोपाहार घ्यायचा. व्यापारी कुटुंबांचा निवासाशी येणारा संबंधही बहुधा असाच असतो. वडिलांच्या पुण्यतिथीला किंवा नातवाच्या वाढदिवसाला एक वेळचे मिष्टान्न दिले जाते, फळे वाटली जातात, छायाचित्र निघते. दानाचा भाव निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु सणासुदीला गर्दी आणि एरवी शुकशुकाट, असा तो क्रम होतो. शिवाय ज्यांनी आयुष्यभर इतरांना पंगतीत आग्रह करून वाढले, त्यांना प्रत्येक वेळी घेणाऱ्याच्या ओळीत बसावे लागते.

यात बदल करायला पैसा फारसा लागत नाही. भूमिका बदलावी लागते. पुढच्या वेळी कुटुंबाने जेवण द्यावे, पण यजमान निवासातील मंडळींनी व्हावे. पदार्थ त्यांनी ठरवावेत, आमंत्रण त्यांनी द्यावे, आणि पाहुण्यांना आग्रह करकरून त्यांनीच वाढावे.

मोंढ्याचे ज्ञान

लातूर-नांदेडच्या ज्येष्ठांजवळ देण्यासारखे काय नाही? मोंढ्यात चाळीस वर्षे आडत केलेला माणूस मूठभर सोयाबीन हातात घेऊन, दोन दाणे दाताखाली धरून त्यातील ओलावा सांगतो. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याची मर्यादा यंत्रावर पाहिली जाते. तो अंदाज या माणसाच्या बोटांत असतो. तुरीची प्रत, पोत्याचे वजन, सौद्यातील शब्दाची किंमत, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला हसत हसत नाकारावी, हे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. लातूरचे दयानंद व राजर्षी शाहू महाविद्यालय, नांदेडचे यशवंत व पीपल्स महाविद्यालय येथील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी महिन्यातून दोनदा जरी ज्येष्ठ निवासात आले आणि रोजमेळ, खतावणी, हुंडी यांविषयी त्यांना तेथील आजोबांनी शिकवले, तर लाभ दोघांचाही आहे. त्या दिवशी आजोबा स्वच्छ सदरा घालून दहा मिनिटे आधीच बसलेले दिसतील.

दुसरे काम आठवणी लिहून ठेवण्याचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. रझाकारांच्या काळातील रात्री ज्यांनी लहानपणी अनुभवल्या, ती पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा भूकंप, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. या साऱ्याचे साक्षीदार आपल्याच घरांत आहेत. जुन्या पेढ्या कोणी स्थापल्या, कोणत्या घराण्याने कोणत्या संकटात धान्याची कोठारे उघडली, हे कागदावर आले नाही तर दहा वर्षांत पुसले जाईल. नातवंडांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि निवासातील एखाद्या आजींनी ते वहीत उतरवावे, इतके सोपे हे काम आहे.

आजींचा वेगळा विचार करणे आवश्यक आहे. पुरुषाची निवृत्ती निदान दिसते. त्याची गादी दुसऱ्याकडे जाते. स्त्रीची गादी म्हणजे स्वयंपाकघर, आणि ते हातातून जाते त्याची कोठे नोंदही होत नाही. बहुधा पतीच्या मागे राहणारीही तीच असते. पैशाचे व्यवहार आयुष्यभर दुसऱ्याने पाहिलेले असतात, त्यामुळे वारसनोंद, ठेवीची मुदत, बँकेची ओळखपत्रे यांपुढे ती गोंधळते. म्हणून उन्हाळ्यात पापड-कुरडयांची कार्यशाळा आजींनी सुना-नातींसाठी घ्यावी, आणि त्या बदल्यात नातींनी आजींना पासबुक वाचायला आणि मोबाइलवरून पैसे पाठवताना फसवणूक कशी टाळावी हे शिकवावे. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले की नाते टिकते.

वेळापत्रकात आपली एक अडचण आहे आणि ती आधीच ओळखली पाहिजे. सूर्यास्तापूर्वी जेवणारा माणूस जेथे रात्रीचे जेवण साडेसातला वाढले जाते अशा निवासात हळूहळू एकटा पडतो. त्याचे ताट वेगळे, वेळ वेगळी, आणि सायंकाळचा कार्यक्रम नेमका त्याच्या जेवणाच्या वेळी. हिवाळ्यात तर सहाच्या आतच सूर्य मावळतो. कंदमुळे वर्ज्य असलेला स्वयंपाक, उकळलेले पाणी, सामायिकासाठी शांत जागा, चातुर्मासात प्रवचनाला जाण्याची सोय, या गोष्टी प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. ज्येष्ठाला मनाविरुद्ध नेम मोडावा लागला, तर उत्तम खोलीही त्याला परकी वाटते.

आणि कोणालाही कार्यक्रमाची सक्ती असू नये. आयुष्यभर गर्दीत राहिलेल्या माणसाला उतारवयात मौन हवेसे वाटू शकते. दार लावून स्वाध्याय करणारा माणूस एकाकी असतोच असे नाही. निवड त्याची असावी, एवढेच पाहायचे.

खर्चाची बाजू

व्यापारी कुटुंबात निर्णय भावनेने सुरू होतो, पण पक्का होतो तो आकड्यांवर. आणि ते योग्यच आहे. साठी पूर्ण केलेल्यांसाठीच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के झाला. त्या दराने पूर्ण रकमेवर वर्षाला २ लाख ४६ हजार रुपये, म्हणजे करापूर्वी महिन्याला साडेवीस हजार रुपये पडतात. व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. ही ठेव ज्येष्ठाच्या स्वतःच्या नावावर असणे महत्त्वाचे. निवासाचा महिन्याचा खर्च मुलाच्या खात्यातून जाणे आणि आपल्या खात्यातून जाणे, यात रक्कम तीच असली तरी मान वेगळा असतो.

निवासाची निवड करताना काही प्रश्न लेखी विचारावेत. अनामत रक्कम परत मिळते का आणि किती दिवसांत? मासिक शुल्क दरवर्षी किती वाढेल? पती-पत्नींपैकी एक गेल्यास दुसऱ्याची खोली तीच राहील का? आजारपणात परिचारिका मिळेल का? आणि ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही तो प्रश्न: वार्षिक अंदाजपत्रकात उपक्रमांसाठी स्वतंत्र तरतूद आहे का, आणि ती खर्च करणाऱ्या समितीवर रहिवाशांचे किती प्रतिनिधी आहेत? या एका उत्तरावरून त्या जागेचा स्वभाव कळतो.

मालमत्तेविषयीही सावध असावे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट शब्दांत लिहिलेली असणे हिताचे. हे लिहिण्यात अविश्वास नाही. भागीदारीचे कागदपत्र भावाभावांतही केले जातेच. अडीअडचणीला ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

भवनाची किल्ली

१९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. आघात झालेल्या मुलांना नुसते छप्पर पुरेसे नाही, त्यांना शाळा हवी, दिनक्रम हवा, हे तेव्हा समाजाने ओळखले. जी दृष्टी बालकांच्या बाबतीत दाखवली, तीच आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांच्या बाबतीत दाखवण्याची वेळ आहे.

त्यासाठी प्रत्येक गावात लगेच नवे निवास उभे राहिले पाहिजे असे नाही. लातूर असो वा नांदेड, उदगीर असो वा देगलूर, समाजाचे भवन, मंदिराचे सभागृह किंवा स्थानकाची एखादी खोली सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत बहुधा रिकामी असते. तेथे दहा-बारा ज्येष्ठांचे दिवसाचे केंद्र सुरू करता येते. वाचनालयाची नोंदवही एकाकडे, गोशाळेच्या चाऱ्याचा हिशेब दुसऱ्याकडे, विद्यार्थ्यांचा वर्ग तिसऱ्याकडे, दुपारच्या चहाची व्यवस्था दोघी आजींकडे. जो गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही, त्याला घरून फोनवर रोज पाच जणांची खुशाली विचारण्याचे काम द्यावे. शक्ती कमी होईल तसे काम हलके करावे. काढून मात्र घेऊ नये.

आपल्या घरात असो, दिवसाच्या केंद्रात असो वा निवासात, ज्येष्ठांची व्यवस्था नीट झाली आहे की नाही हे तपासण्यासाठी एकच प्रश्न पुरतो. उद्या सकाळी त्यांच्यावाचून कोणते काम अडणार आहे? याचे उत्तर एखाद्या लहानशा कामाच्या नावाने देता आले, तर जमेची बाजू भक्कम आहे असे समजावे. उत्तर सुचत नसेल, तर प्रारंभ म्हणून भवनाची किल्ली त्यांच्या हाती द्यावी आणि सकाळी दहा वाजता दार उघडण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी. वेळेवर दुकान उघडण्याची त्यांची सवय पन्नास वर्षांची आहे.